डॉक्टरांची कंबर आणि सरांची दाढ

डाव्या पायाचा मोजा पलंगाखाली सरकला होता आणि डॉक्टर त्याच्याकडे नुसते बघत उभे होते. मोजा काही दरीत पडला नव्हता. धडधाकट माणूस सहज वाकून तो उचलतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण गेल्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या कंबरेचं काहीतरी बिनसलं होतं, आणि त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना तर अशी चमक निघाली होती की त्यांना आजोबा-पणजोबा सगळे एकदम आठवले होते. त्यांनी पायाच्या अंगठ्याने मोजा ओढून बघितला. मोजा आणखी आत गेला. मग मोठ्या मिनतवारीने चढवलेला उजवा मोजा त्यांनी डाव्या पायाने खरवडून काढला आणि दोन्ही पाय तसेच बुटात सरकवले.

"मोजे कुठायत?" बायकोने विचारलं.

"उकडतंय," डॉक्टर म्हणाले.

खिडकीच्या काचा गारठ्याने धुरकटल्या होत्या. बायकोने काचेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि चहाचा कप पुढे केला. डॉक्टरांनी तो उभ्यानेच घेतला. खुर्चीत बसणं एक वेळ जमलं असतं, पण मग तिथून उठवायला माणसं बोलवावी लागली असती, आणि माणसं बोलवायची तर आधी लेकीला हाक मारावी लागली असती. तेवढं एक सोडून बाकी काहीही करायची डॉक्टरांची तयारी होती.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारेल. डॉक्टर होते दातांचे. त्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या जबड्यात डोकावण्यात गेलं होतं आणि डोकावायची त्यांची पद्धत अशी, की पेशंट जसा बसेल तसा बसू द्यायचा आणि आपण त्याच्याभोवती वाकायचं, वळायचं, लोंबकळायचं. पेशंटला त्रास नको, हे त्यांचं ब्रीद. त्यांची एकुलती एक लेक, घरात सगळे जिला ठकी म्हणत, तीही शिकून दातांचीच डॉक्टर झाली होती. एकदा दवाखान्याच्या दारात उभी राहून तिने वडिलांचं काम बघितलं आणि संध्याकाळी जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही पेशंटचा दात बघता की त्याच्या तोंडात राहायला जाता?" खुर्ची मागे करून पेशंटला आडवं करा, स्टूल नीट उंचीला घ्या, दोन पेशंटच्या मध्ये उठून चार पावलं टाका, असं बरंच काही ती सांगत होती. सकाळची वेळ मला द्या, तुम्ही संध्याकाळ सांभाळा, असंही तिने सुचवलं. डॉक्टरांनी आमटीत लक्ष घातलं आणि "बघू" म्हणाले. डॉक्टरांचं "बघू" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा ठकीनेही आपलं बघितलं. लांबच्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळातून तिला बोलावणं आलं आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ती गेली तर घर खायला उठेल, हे डॉक्टरांना पुरतं माहीत होतं. पण "थांब" म्हणायचं तर खुर्ची द्यावी लागणार. आणि नेमकी आजच कंबर धरलेली दिसली, तर ती बिचारी दयेपोटी थांबणार. कंबरेचं भांडवल करून पोरीला अडकवणारा बाप व्हायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. शिवाय ती "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली असती ते वेगळंच. या दोन कारणांतलं कोणतं जास्त खरं, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. एवढा आजचा दिवस ताठ मानेने काढायचा, की झालं.

दवाखाना मागच्याच गल्लीत होता. एरवी उड्या मारत जाण्याचं अंतर, पण त्या दिवशी डॉक्टर एखाद्या मिरवणुकीत चालावं तसे चालत गेले. दारापाशी खिशातून किल्ली काढताना ती हातातून सुटली आणि पायरीवर पडली. डॉक्टर किल्लीकडे बघत राहिले. सकाळपासून जमिनीवरच्या वस्तूंचं आणि त्यांचं काही जमत नव्हतं.

तेवढ्यात मागून छत्रीचं टोक आलं, किल्लीच्या कडीत शिरलं, आणि किल्ली अलगद उचलली जाऊन डॉक्टरांच्या नाकासमोर आली. छत्रीच्या दुसऱ्या टोकाला सावधान सर उभे होते.

सर म्हणजे डॉक्टरांच्या शाळेतले कवायतीचे मास्तर. सावधान सर हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि सरांना ते माहीत असून आवडायचं. पोक काढून चालणारं पोर दिसलं की त्याच्या पाठीत पट्टी सरळ उभी धरून ते त्याला मैदानाची फेरी मारायला लावत. आता वय झालं होतं, पण कणा तसाच. मान, पाठ, कंबर सगळं एका रेषेत. जराही न वाकता त्यांनी छत्रीने किल्ली उचलली होती, आणि डॉक्टरांना वाटलं, याला म्हणतात शिस्त. नाहीतर आपण!

"वेळेआधी आलो," सर म्हणाले. "तू असा का उभा आहेस, पोरा?"

"तुमचीच वाट बघत होतो, सर," डॉक्टर म्हणाले. थापा मारायला त्यांना आता हळूहळू जमू लागलं होतं.

आत गेल्यावर मागोमाग आलेल्या मदतनीस ताई कपाटातली उपकरणं मांडायला लागल्या. ताई कामाला वाघ होत्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. दवाखान्यात कुणी शिंकलं तर घरी बायकोला दुपारपर्यंत कळायचं. डॉक्टरांना स्टुलावर बसताना बघितलं असतं तर ताईंनी उभ्या पावली वर्दी दिली असती. म्हणून त्यांनी ताईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला, कृत्रिम दात बनवणाऱ्याकडे पाठवून दिलं. काय आणायचं, असं ताईंनी विचारलं. "तयार असेल ते," डॉक्टर म्हणाले. ताई गेल्या आणि डॉक्टर निर्धास्त झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकायला दोन हात लागतात आणि आपण आता एकटे उरलो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सरांच्या मागच्या दाढेवर कॅप बसवायची होती. काम सोपं होतं, पण सर खुर्चीत आडवे होत नसत. चारचौघांत लोळणं बेशिस्तपणाचं आहे, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. त्यामुळे सर खुर्चीत ताठ, तोंड किंचित उघडलेलं, आणि ती दाढ गुहेच्या पार शेवटी. डॉक्टर नेहमीप्रमाणे आधी डावीकडे वाकले, मग उजवीकडे वळले, मग मान खाली घालून वर बघायला लागले. कंबरेने एकदा हळू सांगितलं, मग जरा मोठ्याने सांगितलं. डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी कॅपमध्ये सिमेंट भरलं, ती दाढेवर दाबली, वर कापसाचा बोळा ठेवला आणि सरांना सांगितलं, "दात घट्ट आवळून धरा, सर. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

सरांनी दात आवळले. कवायतीच्या मास्तराला हुकूम दिला की संपलं.

डॉक्टर सरळ व्हायला गेले आणि तिथेच त्यांच्या कंबरेत उसण भरली. अशी भरली की त्यांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर, डावा हवेत, आणि नाक सरांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणासमोर. तिथून वर जायचं नाव नाही आणि खाली जायचं नाव नाही. मोडेन पण वाकणार नाही, असं आयुष्यभर म्हणत आलेला माणूस वाकला होता आणि आता मोडायच्या बेतात होता.

"सर," डॉक्टर बटणाला उद्देशून म्हणाले, "मी जरा अडकलोय."

सर बोलणार कसे? त्यांनी फक्त भुवया उंचावल्या आणि त्या डॉक्टरांना दिसल्या नाहीत. मग सर उठले, डॉक्टरांच्या मागे गेले आणि त्यांनी क्षणभर विचार केला. पोक काढलेल्या पोराचं काय करायचं, हे त्यांना एकाच पद्धतीने ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही हातांनी डॉक्टरांचे खांदे धरले, गुडघा पाठीला लावला आणि खांदे मागे खेचले.

डॉक्टरांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर गाल सुजवून बसलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं. आत एक म्हातारा पेशंट दातओठ खाऊन डॉक्टरांच्या पाठीत गुडघा रोवून उभा होता आणि डॉक्टर रिकाम्या खुर्चीची माफी मागितल्यासारखे वाकले होते. गृहस्थांनी हळूच गालाला हात लावला. "माझी थांबली वाटतं दुखायची," ते म्हणाले आणि दार लावून घेऊन घरी गेले.

सर पुन्हा खुर्चीत येऊन बसले. दात तसेच आवळलेले. डॉक्टरांना आता कंबरेपेक्षा दाढेची काळजी लागली. कॅपच्या कडेने बाहेर आलेलं सिमेंट वेळेत खरवडून काढावं लागतं. ते आधी पिठासारखं असतं, मग रबरासारखं होतं, आणि एकदा दगडासारखं झालं की दातांच्या फटीतून ते काढता काढता डॉक्टर आणि पेशंट दोघेही रडकुंडीला येतात. बघायला तर डॉक्टरांना मान वर करता येत नव्हती. आणि सरांना तोंड उघडा म्हणून तरी काय उपयोग, उघडलेल्या तोंडात हात घालणार कोण?

अशा वेळी फोन वाजला. तो ट्रेवर होता, डॉक्टरांच्या हातापासून वीतभर पलीकडे. सरांनी तो उचलला आणि डॉक्टरांच्या कानाला लावला.

"बाबा," पलीकडून ठकी म्हणाली, "मी त्या लोकांना फोन करतेय. हो म्हणू ना?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. "तुझं तू ठरव," ते म्हणाले.

"तुमचा आवाज असा का येतोय? कुठून बोलताय?"

"दवाखान्यातूनच."

"ते कळलं हो. पण गुडघ्यातून बोलल्यासारखं वाटतंय."

"काही नाही, पेशंट आहे समोर," डॉक्टर म्हणाले. हे मात्र खरं होतं. ठकी जरा वेळ थांबली. तिला आणखी काही ऐकायचं असावं. मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

सरांनी फोन खाली ठेवला नाही. तो डॉक्टरांच्या कानापाशी तसाच धरून ते बसले होते, हुकमाची वाट बघत. ओठ बंद ठेवून नाकाने घेतलेला त्यांचा श्वास डॉक्टरांना ऐकू येत होता. या माणसाने आपल्यावर विश्वासून तोंड मिटलंय आणि आपण मात्र नाक वर ठेवायला बघतोय, तेही नाक बटणापाशी असताना, याची डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. पेशंटला त्रास नको, हे ब्रीद कुठे गेलं?

"सर," ते म्हणाले, "तोच नंबर पुन्हा लावा."

ठकीने फोन उचलताच ते म्हणाले, "ठकी, ये. माझी कंबर धरलीय आणि सरांच्या दाढेतलं सिमेंट सुकतंय. पळत ये."

पलीकडून "मी म्हटलं नव्हतं" असं काही आलं नाही. फक्त चपला सरकवल्याचा आवाज आला.

ठकी आली ती थेट बेसिनकडे गेली. हात धुतले, हातमोजे चढवले, एका नजरेत सगळा देखावा बघितला. "बाबा, तुम्ही अजून थोडे तसेच थांबा. आधी दाढ," ती म्हणाली. डॉक्टरांना हे ऐकून कळ असूनही बरं वाटलं. पोरीला धंदा कळत होता. तिने त्यांना हळूहळू बाजूला सरकवून टेबलाच्या कडेला दोन्ही कोपर टेकवून उभं केलं आणि पायाने खुर्चीचं बटण दाबलं. सरांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले, डोळे मोठे केले, घशातून हुंकार काढला. पण तोंड उघडायचं नाही हा हुकूम कुणी मागे घेतला नव्हता, त्यामुळे तक्रारीला तोंडच नव्हतं. खुर्ची सावकाश मागे जात राहिली आणि सर आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आडवे झाले.

आडवे होताना त्यांच्या सदऱ्याच्या आतून चर्रर्र असा आवाज आला.

डॉक्टर टेबलाच्या कडेवरून तिरप्या नजरेने लेकीचं काम बघत होते. सर आडवे झाल्यामुळे दाढ तिच्या थेट समोर आली होती. तिची पाठ सरळ, कोपर अंगाशी, पाय जमिनीवर. जे दिसत नव्हतं ते ती छोट्या आरशात बघत होती, त्यासाठी मान मोडत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा सूचना द्यायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ती ते आधीच करून मोकळी झालेली होती. कापसाचा बोळा गेला, कडेचं सिमेंट सालीसारखं निघालं, फटीतून दोरा फिरला. एवढा वेळ आपण ज्याला जबड्याशी कुस्ती समजत होतो ते काम असं बसल्या बसल्या होतं, हे बघून डॉक्टरांना लेकीचा अभिमानही वाटला आणि थोडा रागही आला.

"झालं, सर. आता उठा आणि बोला," ठकी म्हणाली आणि खुर्ची वर घेऊ लागली.

"थांब," सर घाईने म्हणाले. "खुर्ची हलवू नकोस. माझा पट्टा सुटलाय."

"कसला पट्टा?"

सरांनी छताकडे बघितलं. "कंबरेचा," ते म्हणाले. "तो बांधल्याशिवाय मला उठता येत नाही. कुणाला सांगू नका."

टेबलाला टेकलेल्या डॉक्टरांना आधी नीट कळलंच नाही. मग छत्री आठवली. ती एका रेषेतली पाठ आठवली, चारचौघांत न लोळण्याची शिस्त आठवली, आणि कंबर धरलेली असताना हसू नये, हे त्यांना फार उशिरा कळलं. हसता हसता त्यांचा एक कोपर सुटला. ठकीने त्यांना वेळेवर धरलं आणि हळूच जमिनीवर सतरंजीवर उताणं निजवून त्यांच्या पोटऱ्या त्यांच्याच स्टुलावर ठेवल्या. गुडघे असे वर गेल्याबरोबर कंबर थोडी सैल पडली. डॉक्टरांनी सकाळपासूनचा पहिला मोकळा श्वास घेतला.

आता दवाखान्यात दोन पेशंट होते. एक खुर्चीत आडवा, एक जमिनीवर. दोघेही छताकडे बघत होते.

ठकीने वडिलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पायात मुंग्या येतात का? कळ खाली पावलापर्यंत जाते का? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का? लघवीचा काही त्रास? डॉक्टर सगळ्याला "नाही" म्हणत गेले आणि शेवटच्या प्रश्नाला, सर ऐकतायत असं खुणेने सांगायला लागले. वरून सर म्हणाले, "उत्तर दे, पोरा. माझंही तेच चाललंय, मलाही कळू दे." डॉक्टरांनी त्यालाही "नाही" म्हटलं.

"मग घाबरण्यासारखं नाही," ठकी म्हणाली. "यातलं एकाचं जरी उत्तर हो आलं असतं तर आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरांकडे नेलं असतं. हे स्नायू आखडलेत."

ठकीने निघतानाच सांगून ठेवलेलं असल्याने तेवढ्यात बायको शेकायची पिशवी घेऊन आली. "उकडतंय म्हणत होते सकाळी," ती दारातूनच म्हणाली. नवऱ्याच्या कंबरेखाली पिशवी सरकवताना तिने बरंच काही ऐकवलं. त्याचा गोषवारा असा, की मोजा पलंगाखाली दिसला तेव्हाच मला संशय आला होता. आता घरी गेल्यावर माळ्यावरची फळी काढायची आणि त्यांना महिनाभर तिच्यावर झोपवायचं, हलू म्हणून द्यायचं नाही, तिच्या सासऱ्यांनी तेच केलं होतं. वरून सरांनी दुजोरा दिला. फळी उत्तम. फळीसारखं दुसरं काही नाही.

"आणि सासरे उठले कधी?" ठकीने विचारलं.

बायको विचारात पडली. "उठले तसे," ती म्हणाली. "पण वाकडेच."

ठकी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने जे सांगितलं ते सरांना मुळीच आवडलं नाही. फळी नको, महिनाभर अंथरूण तर नकोच. शेक घ्यायचा, दुखणं कमी करणारी गोळी विचारून घ्यायची, आणि जमेल तसं आजपासूनच घरातल्या घरात चालायचं. पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि मग पुढच्या वेळी मोजा उचलायचंही निमित्त पुरतं. सरांकडे वळून ती म्हणाली, "तुमचं दुखणंही पट्ट्याने लांबलंय, सर. कंबरेचं काम पट्टा करायला लागला की कंबर कशाला करेल?"

"मी तर कधी पोक काढलं नाही," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मैदान नव्हतं.

"बाबा वाकून थिजले, तुम्ही ताठ उभं राहून थिजलात. शरीराला थिजणं सोसत नाही, मग ते वाकडं असो की सरळ. दोघांनीही मधून मधून हलायचं, रोज थोडा व्यायाम करायचा, एवढंच आहे."

डॉक्टर जमिनीवरून ऐकत होते. इतकी वर्षं वाकून बसलो, हे कारण झालं. पण ते आजच का भोवावं, असं त्यांनी विचारलं.

"कारण एकच नसतं, बाबा. बसणं आहे, व्यायाम नाही, झोप नीट नाही. आणि ताण. मनावर काही असलं की आधी पाठ आवळते." ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. "काही आहे का मनावर?"

छतावर ओलीचा एक डाग होता, तो डॉक्टरांनी इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता. पाय स्टुलावर, पोटावर पेशंटचा रुमाल, पायात मोजे नाहीत. या अवस्थेत बापाने कसली अब्रू सांभाळायची?

"सांग की, पोरा," वरून सर म्हणाले. "मी नाही का पट्ट्याचं सांगितलं."

"ठकी," डॉक्टर म्हणाले, "जाऊ नकोस. कंबरेसाठी म्हणत नाही मी, कंबर होईल बरी. तू गेलीस तर मला करमणार नाही. सकाळची वेळ तू घे. हवी तर संध्याकाळचीही घे."

बायकोने खिडकीकडे तोंड केलं. मग ठकी हळूच म्हणाली, "हे एवढं उभं राहून नसतं सांगता आलं?"

"उभ्याने नाही जमत गं असलं काही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. त्या रडण्याने कंबरेत मुळीच दुखलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

ठकीने वडिलांच्या पोटावरचा रुमाल घेऊन आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. त्यानंतर तिने अटी घातल्या. खुर्ची मागे जाणार, म्हणजे जाणार. पेशंट कितीही मोठा असो, आडवा होणार. आणि प्रत्येक पेशंटनंतर डॉक्टर उठून फिरून येणार, त्यात "बघू" चालणार नाही. डॉक्टरांनी सगळं मान्य केलं. पडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. ठकी बाहेर जाऊन त्या लोकांना फोनवर नकार कळवून आली. मग बायकोने आणि तिने मिळून आधी सरांना पट्टा न बांधता, कुशीवर वळवून, हाताच्या आधाराने उठायला शिकवलं. सर उठले आणि स्वतःच्याच पाठीकडे बघायचा प्रयत्न करत घरी गेले. ताई मात्र दुपारी परत आल्या त्या तयार असेल ते सगळं घेऊन आल्या, त्यात दुसऱ्या एका दवाखान्याच्या तीन पेशंटच्या कवळ्याही होत्या.

कंबर हळूहळू सुटली. डॉक्टर चालायला लागले, व्यायाम करायला लागले, आणि पेशंट झाला की लेकीच्या धाकाने बाहेर येऊन बसायच्या खोलीत चार फेऱ्या मारायला लागले. एकदा ते असेच फिरत असताना कोपऱ्यात बसलेल्या एका नव्या बाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं.

"तुमचीही दाढ का?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मोघम मान हलवली.

"मग माझं ऐका, मॅडमकडेच नंबर लावा. हात हलका आहे त्यांचा. माझ्या बहिणीने सांगितलंय, इथे एक म्हातारे डॉक्टरही बसतात, ते फार वाकून वाकून बघतात म्हणे. भीतीच वाटते."

डॉक्टरांना एकदम काहीतरी बोलावंसं वाटलं. आतून लेकीचा आवाज येत होता, ती कुणालातरी आडवं व्हायला सांगत होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, बाईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"हो ना," ते म्हणाले. "मीसुद्धा मॅडमकडेच दाखवतो."